म्हणजेसरांचा सक्तीचा पेपर

माणसाने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचाच तर तो निदान चुकून तरी पाडावा. म्हणजेसरांनी तो स्वतः शोधून आणला, दोन्ही हातांनी उचलला, आणि पायावर सोडण्याआधी त्या धोंड्याच्या बाजूने भरसभेत भाषणही केलं. भाषण चांगलं झालं होतं, हे त्यातलं खरं दुखणं.

म्हणजेसर हे अर्थातच मुलांनी पाडलेलं नाव. अर्थशास्त्र विभागात शिकवताना दर वाक्याआधी 'म्हणजे काय, तर' असं म्हणायची त्यांना सवय होती. नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा सरांना राग आला, पुढे सवय झाली, आणि एक दिवस बायकोच फोनवर कुणाला तरी 'आमचे म्हणजेसर आलेत वाटतं' असं म्हणाली, तेव्हा तक्रार करायला जागाच उरली नाही.

तिसऱ्या वर्षाला ते 'आर्थिक विचारांचा इतिहास' शिकवायचे. हा पेपर सक्तीचा होता. अर्थशास्त्राची पदवी हवी असेल तर आधी गणित, मग सांख्यिकी, मग बाजार आणि बँका, आणि सरतेशेवटी म्हणजेसर, एवढे डोंगर चढल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती. त्यामुळे त्यांचा वर्ग कायम भरलेला असे. कोपऱ्यातली ती लांबुळकी खोली शेवटच्या बाकापर्यंत गच्च पाहिली की सरांना वाटे, मुलांना विषयाची गोडी लागली आहे. तुरुंगाच्या जेलरलाही अधूनमधून असंच वाटत असेल की लोक आपल्याकडे आवडीने राहतात.

एक गोष्ट मात्र त्यांना खटकायची. फळ्यावर लिहिताना सर वरच्या बाजूला नावं, सनावळ्या आणि मथळे मांडत, मग खाली खाली येत, आणि सगळ्या तासाचं सार अगदी तळाशी एका चौकटीत लिहीत. ती चौकट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आदल्या संध्याकाळी घरी बसून ते त्या चौकटीतली दोन वाक्यं घोटत. आणि परीक्षेत मुलं काय लिहीत? नावं, सनावळ्या, मथळे. पुढच्या बाकावरची तीन-चार हुशार मुलं सोडली तर चौकटीतलं अक्षर कुणाच्या पेपरात उतरत नसे. "म्हणजे काय, तर पालथ्या घड्यावर पाणी," असं ते पेपर तपासताना दरवर्षी म्हणत. त्या घड्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे तपासायची गरज त्यांना कधी वाटली नाही.

त्या दिवशी अभ्यासमंडळाची बैठक होती. पदवीला कोणते पेपर लागतील, कोणते लागणार नाहीत, हे ठरवायचं होतं. विभागप्रमुखांना कुठलीही बैठक संपवायची घाई असे, कारण त्यांच्या गाडीमागे कुणी ना कुणी गाडी लावून ठेवी आणि मग त्यांना बाहेर पडता येत नसे. सांख्यिकीच्या बाईंनी मागणी मांडली की सांख्यिकीचा दुसरा पेपरही सक्तीचा करावा.

या बाई म्हणजे सरांचं जुनं दुखणं. अंगाने एवढ्याशा, सरांच्याही खांद्याला लागतील न लागतील अशा, आणि सर स्वतः काही उंचीसाठी प्रसिद्ध नव्हते. बाई प्रत्येक तासाला एक लाकडी स्टूल काखोटीला मारून वर्गात नेत आणि त्यावर उभं राहून शिकवत. "काय बाई, वर्गाची सरासरी उंची वाढवताय वाटतं?" हा विनोद सरांनी शिक्षकांच्या खोलीत इतक्यांदा केला होता की आता तो त्यांच्याशिवाय कुणालाच ऐकू येत नसे. बाईंना एक सक्तीचा पेपर आहे, आता दुसराही मिळणार, या विचाराने सरांच्या पोटात दुखायला लागलं. आणि ते उठले.

"सक्ती कशाला, बाई? म्हणजे काय, तर आपण वर्गात शिकवायचं की गिऱ्हाईक राजा असतो, आणि घंटा झाली की राजाला दोरीने बांधून आणायचं! जो विषय मुलं आपणहून घेणार नाहीत, तो त्यांच्या गळ्यात का मारायचा? निवडू द्या त्यांना. ज्याच्या मालात दम आहे, त्याचा माल खपेल."

बँकांचा पेपर शिकवणाऱ्या मास्तरांनी चक्क टाळी वाजवली. प्रमुखांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "छान बोललात, सर. मग हेच तत्त्व सगळ्यांना लावू. ज्या पेपराशिवाय पुढचा एखादा पेपर घेताच येत नाही, तेवढाच सक्तीचा. बाकी सगळे ऐच्छिक. ऐच्छिक पेपराला दहा मुलं मिळाली तर चालवायचा, नाहीतर बंद. कुणाचं अनुमोदन?"

सगळ्यात आधी म्हणजेसरांचा हात वर गेला. हात वर असतानाच त्यांची नजर पुढ्यातल्या तक्त्यावर पडली. बाईंच्या पहिल्या सांख्यिकीवर पुढचे तीन पेपर अवलंबून होते. गणितावर चार. 'आर्थिक विचारांचा इतिहास' या नावासमोर एक आडवी रेघ होती. त्यांच्या पेपराशिवाय कुणाचंही, कुठेही, काहीही अडत नव्हतं. हात खाली घ्यावा तर सगळे बघताहेत, वर ठेवावा तर गळा कापला जातोय. तो तसाच हवेत राहिला. प्रमुखांना वाटलं, सर जरा जास्तच उत्साहात आहेत.

"म्हणजे तुमच्याच भाषणाने तुमचा पेपर गेला?" बायकोने विचारलं. तिचं औषधांचं दुकान होतं, घराच्या खालीच, आणि ती नुकतीच वर आली होती.

"गेला नाही. ऐच्छिक झालाय."

"तेच ते."

"दहा मुलं मिळाली की झालं. नाही मिळाली तर पहिल्या वर्षाची तोंडओळख घ्यावी लागेल. परवा नोकरीला लागलेल्या पोरांना देतात तो वर्ग! मला!"

"एवढं काय लावून घ्यायचं? माझ्याकडे तरी कोण हौसेनं येतं? डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात म्हणून येतात. मी कधी मनाला लावून घेतलं का?"

"अगं, तुझ्या गोळ्यांनी लोकांना बरं वाटतं."

बायकोने क्षणभर विचार केला. "हो, तेही आहेच," ती म्हणाली, आणि सरांना तिने नुसतं हसून सोडलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

मुलगी जेवणाच्या टेबलापाशी वही उघडून बसली होती. ती याच विभागात शिकत होती, आता तिसऱ्या वर्षाला जायची होती. वडिलांकडे पाहून ती काहीतरी बोलणार होती, पण मग तिने पुन्हा वहीत डोकं घातलं.

पुढचे दोन आठवडे सरांनी जे केलं, ते पाहून भाजीबाजारातल्या विक्रेत्यालाही संकोच वाटला असता. विभागाने विषय-परिचयाचा कार्यक्रम ठेवला. प्रत्येक शिक्षकाने पाव तासात आपल्या पेपराची ओळख करून द्यायची. बँकांच्या मास्तरांनी नोकऱ्यांची यादी वाचून दाखवली. बाई स्टुलावर चढल्या, दोन मजेदार गणितं घातली आणि उतरल्या. म्हणजेसरांनी आर्थिक विचारांच्या इतिहासाची ओळख करून द्यायला सुरुवात केली आणि ते इतिहासाच्या व्याख्येपर्यंत पोचले तेव्हा वेळ संपला. "काही प्रश्न?" असं विचारल्यावर एका मुलाने हात वर केला. सर सुखावले.

"सर, हजेरी किती लागते?"

मग त्यांनी दुसरी वाट धरली. पेपर सक्तीचा व्हायला कुणाच्या तरी आधी लागणारा असला पाहिजे ना? मग ते दारोदार निघाले. बँकांच्या मास्तरांना गाठून म्हणाले, "तुमच्या पेपराआधी माझा पेपर हवाच, असं का नाही करत? म्हणजे काय, तर बँकेमागचा विचार कळल्याशिवाय बँक कशी कळणार?"

"सर," मास्तर नम्रपणे म्हणाले, "माणूस भाड्याने घर घेताना गवंड्याच्या आजोबांची चौकशी करतो का?"

याला चोख उत्तर होतं. ते सरांना जिन्यात सुचलं, आणि तोवर मास्तर निघून गेले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे सरांना त्या जिन्यात पुरतं पटलं. खुल्या बाजाराचे गोडवे आयुष्यभर गायले, आणि आता स्वतःचं दुकान चालवायला सरकारी आधार मागत फिरताहेत.

पेपर निवडायला सुरुवात झाली तशी कार्यालयात रोजचा आकडा कळू लागला. सर तो रात्री जेवताना सांगत. आज चार. आज सहा. मग आठ, आणि मग नऊ. नऊवर तो जो अडकला तो हलेना. बायको ताटात वाढी, मुलगी खाली मान घालून जेवी, आणि सर घास हातात धरून म्हणत, "म्हणजे काय, तर एकच. फक्त एकच हवाय." हे ते कुणाला उद्देशून म्हणत नसत. निदान त्यांना तरी तसंच वाटे.

आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी कार्यालयातल्या कारकुनाने खिडकीतून ओरडून सांगितलं, "सर, दहा झाले!"

सरांना इतका आनंद झाला की त्यांनी दहावा कोण हे विचारलंच नाही. दहावा हा दहावा असतो. त्याला नाव कशाला हवं? घरी जाताना त्यांनी बेकरीतून केक घेतला, त्यावर काही लिहायचं का असं बेकरीवाल्याने विचारल्यावर ते क्षणभर लाजले, आणि 'नको' म्हणाले. घरी त्यांनी स्वतःच केक कापला आणि स्वतःच दोन तुकडे खाल्ले.

"बघितलंस? शेवटी ज्याच्या मालात दम असतो, त्याचा माल खपतो," ते बायकोला म्हणाले. "मी त्या बैठकीत बोललो ते उगाच नाही."

मुलीने तुकडा बशीत घेतला आणि काट्याने त्याचे आणखी छोटे तुकडे केले. "अभिनंदन, बाबा," ती म्हणाली. सर तिच्याकडे पाहून प्रेमाने हसले. त्या हसण्याची त्यांना पुढे फार दिवस लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या. स्टूल त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलं आणि त्या सरांसमोर बसल्या.

"सर, तुमची दहावी विद्यार्थिनी कोण आहे, पाहिलंत का?"

"विद्यार्थिनी आहे का? वा."

"तुमची मुलगी आहे. दोन्ही एकदम घेता येत नाहीत, म्हणून काल दुपारी माझा दुसरा पेपर सोडून तिने तुमचा घेतला." बाईंच्या आवाजात चीड नव्हती, उलट त्या जरा चाचरत बोलत होत्या. "तुम्ही सांगितलंत का तिला, हे मी विचारणार नाही. पण माझ्या वर्गात गेल्या कित्येक वर्षांत तिच्यासारखी मुलगी आली नाही. तिला पुढे सांख्यिकीच करायची आहे. आणि दुसरा पेपर नसेल तर पुढच्या पदवीला तिचा अर्जच घेत नाहीत. आज संध्याकाळपर्यंत बदलता येईल. मी आले ते एवढंच सांगायला."

सरांना कालचे केकचे दोन तुकडे आठवले. 'मी सांगितलं नाही' असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं. मग रोज रात्री हातात घास धरून केलेलं ते 'फक्त एकच' आठवलं, आणि त्यांनी तोंड मिटलं. इतकी वर्षं ते वर्गात शिकवत आले होते, की एखाद्या वस्तूची खरी किंमत म्हणजे ती घेण्यासाठी आपण जे सोडलं ते. तेही चौकटीत लिहून. आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटासमोर त्यांना तो हिशोब दिसला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दुपारी ते तडक औषधांच्या दुकानात गेले. बायको आतल्या खोलीत आलेला माल लावत होती आणि गल्ल्यावर मुलगी होती. पुढे दोन गिऱ्हाइकं होती, म्हणून सरांना स्वतःच्या बायकोच्या दुकानात रांगेत उभं राहावं लागलं. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांच्यामागे खोकणारे एक आजोबा येऊन उभे राहिले होते.

"तू माझा पेपर का घेतलास?"

मुलीने हातातली गोळ्यांची पट्टी कात्रीने नीट कापली. "तुम्हीच म्हणालात ना, मुलांना निवडू द्या."

"मग बाईंचा पेपर?"

"तो... बघू नंतर."

"नंतर नाही मिळत तो. मला ठाऊक आहे. बाई आल्या होत्या." सरांनी आवाज खाली आणला. आजोबा खोकायचे थांबून ऐकू लागले होते. "मला एकच सांग. मी तुझा बाप नसतो, तर घेतला असतास?"

मुलीने कात्री खाली ठेवली.

"नसता घेतला," ती म्हणाली.

सरांना वाटलं होतं की हे ऐकून वाईट वाटेल. वाटलंच. पण जितकं वाटलं त्याहून जास्त हायसं वाटलं, आणि त्याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. घरात एक तरी माणूस खरं बोलणारं आहे.

"मग काय करू, बाबा?" मुलीचे डोळे भरले. "रोज जेवताना तो आकडा सांगता तुम्ही. आई वाढत असते, तुम्ही नऊवर थांबता आणि माझ्याकडे बघत नाही. मुद्दाम बघत नाही! मला घास गिळवत नाही. त्यापेक्षा म्हटलं, एक वर्षाचा तर प्रश्न आहे, घेऊन टाकू."

"पोरी," सर म्हणाले, आणि 'म्हणजे काय, तर' हे तीन शब्द आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून बाहेर पडले नाहीत. "माझं चुकलं. मी मागितलं नाही असं मला वाटत होतं. मी मागतच होतो. जा, आत्ताच्या आत्ता कार्यालयात जा आणि बदलून ये. गल्ल्यावर मी उभा राहतो."

"पण मग तुमचा पेपर?"

"बंद पडू दे. इतकी वर्षं तो काय स्वतःच्या पायावर उभा होता?"

मुलगी काउंटरखालून वाकून बाहेर आली. जाता जाता तिने वडिलांच्या दंडाला घट्ट धरलं आणि सोडलं. सर तिच्या जागी जाऊन उभे राहिले. आजोबांनी चिठ्ठी पुढे केली.

"खोकल्याचं औषध," ते म्हणाले. "तुम्हाला कळतं ना यातलं?"

"नाही," सर म्हणाले. "मी अर्थशास्त्राचा आहे." आणि त्यांनी बायकोला हाक मारली.

पेपर बंद झाला. सूचनाफलकावर नावाला काट मारली गेली आणि उरलेल्या नऊ जणांना दुसरीकडे जायला सांगण्यात आलं. त्यातला एक मुलगा मुद्दाम सरांना शोधत आला. त्याचा चेहरा इतका उतरला होता की सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नकोस, बाळ."

"नाही, सर, म्हणजे, तुमचा तास दुपारी होता ना, म्हणून घेतला होता. आता सकाळी नसलेला दुसरा कुठला पेपर आहे?"

सरांनी त्याला बँकांच्या मास्तरांकडे पाठवलं. गिऱ्हाईक आलं होतं ते आपल्या मालासाठी नव्हतं. आपली वेळ चांगली होती. घरी आल्यावर त्यांनी हे बायकोला हसत हसत सांगितलं. बायकोही हसली, आणि मग नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ त्यांच्याजवळ बसून राहिली.

नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी सर जेवून उठले आणि पाय त्यांना सवयीने कोपऱ्यातल्या त्या लांबुळक्या खोलीकडे घेऊन गेले. दारात पोचल्यावर लक्षात आलं, की ही वेळ आता आपली नाही. खोली बाईंच्या दुसऱ्या पेपराला मिळाली होती. सर मागे वळणार, तोच समोरून बाई आल्या, काखेत स्टूल.

"या की सर," त्या म्हणाल्या. "मागे जागा आहे. हजेरी घेत नाही मी."

पहिल्या बाकावर मुलगी बसली होती. तिने मागे वळून पाहिलं आणि डोळे मोठे केले. आता निघून जाणं बरं दिसलं नसतं. सर पार मागे जाऊन शेवटच्या बाकावर बसले. एवढी वर्षं या खोलीत काढली होती, पण या टोकाला ते कधी आले नव्हते. बाकावर कुणीतरी पेनाने उभ्या रेघा ओढून ठेवल्या होत्या, पाच-पाचांचे गठ्ठे करून, आणि वर मथळा होता: 'आजचे म्हणजे काय तर'. रेघा पुष्कळ होत्या. बाईंकडून मुलांनी नीट शिकलेली सांख्यिकी इथे कामी आली होती, हे सरांनी मान्य केलं.

बाई आल्या. त्यांनी स्टूल मांडलं, वर चढल्या आणि फळ्याच्या अगदी वरच्या बाजूला लिहायला लागल्या. दोन ओळी झाल्या की उतरायच्या, स्टूल सरकवायच्या, पुन्हा चढायच्या. वरचा भाग भरला की पुसायच्या आणि पुन्हा वरच लिहायच्या. फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागापर्यंत खडू येतच नव्हता. ही काय बाई उधळपट्टी, असं मनात येऊन सरांनी त्या खालच्या भागाकडे पाहायला मान उंच केली.

तो त्यांना दिसेना.

त्यांनी मान डावीकडे केली. मग उजवीकडे केली. मग जरासे उठून पाहिलं. बाकं सगळी एका पातळीत होती, खोली लांब होती, आणि मध्ये डोकीच डोकी. फळ्याचा वरचा अर्धा भाग तेवढा दिसत होता. खाली काय आहे, हे पुढच्या दोन-तीन बाकांपलीकडे कुणालाही कळायचा संभव नव्हता.

सर हळूच खाली बसले. ती चौकट. रोज संध्याकाळी घोटलेली ती दोन वाक्यं. नावं, सनावळ्या, मथळे एवढंच लिहिणारी ती सगळी मुलं, ज्यांना त्यांनी दरवर्षी पालथे घडे म्हटलं होतं. त्यांनी जेवढं दिसलं तेवढं लिहिलं होतं, बिचाऱ्यांनी! आणि एकानेही कधी सांगितलं नाही. का सांगतील? दिसो न दिसो, बसायचं होतंच. ज्याला दुसऱ्या दुकानात जाता येत नाही, तो मालाबद्दल बोलत नाही. हेही सरांनीच शिकवलं होतं. बहुधा चौकटीत.

त्यांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. शेजारच्या मुलाने आपली वही त्यांच्याकडे सरकवली. त्याला वाटलं, या म्हाताऱ्यांना सांख्यिकी झेपत नाहीये. तेही खरंच होतं.

तास संपल्यावर सर पुढे गेले. बाई हात झटकत होत्या.

"बाई, यानंतर पहिल्या वर्षाची तोंडओळख आहे माझी. मोठा वर्ग आहे." ते अडखळले. "हे स्टूल घटकाभर मिळेल का?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग शेवटच्या बाकाकडे पाहिलं. त्या काही विचारतील असं सरांना वाटलं. त्यांनी विचारलं नाही.

"न्या. एक पाय डुगडुगतो. जपून चढा."

सर स्टूल काखेत घेऊन निघाले. व्हरांड्यात बँकांचे मास्तर भेटले. "काय सर, सरासरी उंची वाढवताय वाटतं?" ते म्हणाले आणि स्वतःच मोठ्यांदा हसले. हा विनोद किती वाईट आहे, हे सरांना पहिल्यांदाच ऐकू आलं.

पहिल्या वर्षाचा वर्ग शेवटच्या बाकापर्यंत भरलेला होता. भरलेल्या वर्गाने सरांना आता काही वाटलं नाही; सक्तीचा होता. त्यांनी स्टूल मांडलं, भिंतीला हात धरून वर चढले, आणि नावं नाहीत, सन नाहीत, आधी ते एकच वाक्य फळ्याच्या अगदी वर लिहिलं: एखाद्या वस्तूची किंमत म्हणजे ती घेण्यासाठी तुम्ही जे सोडलं ते. मग त्याभोवती चौकट काढली. स्टूल डुगडुगलं, चौकट वाकडी आली. ते जपून वळले आणि इतक्या वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"मागे दिसतंय का?"

असा प्रश्न कुणी विचारत नाही, त्यामुळे उत्तर द्यायचं असतं की नाही हे मुलांना कळेना. शेवटी पार मागून एका मुलीचा आवाज आला.

"दिसतंय, सर." मग जरा थांबून, घाबरत, "पण अक्षर लागत नाहीये."

म्हणजेसर स्टुलावर उभे होते तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा एवढा खुलला की पुढच्या बाकावरची मुलं एकमेकांकडे पाहू लागली. त्यांनी डस्टर उचललं, वाक्य पुसलं, आणि पुन्हा लिहायला घेतलं, या वेळी मोठ्या अक्षरात.